चिरेखाणीतला हात

सदाच्या उजव्या हाताला वाडीत वेगळे नाव होते. माणसाला सदा म्हणत आणि हाताला घण म्हणत. ‘सदा येतोय’ असे कोणी म्हटले तर बायका वाट सोडून बाजूला उभ्या राहत. ‘घण उठला’ असे कोणी ओरडले तर बापये गडीसुद्धा दाराला आतून अडसर लावत. बोर्ली पंचतनच्या पाठीमागे डोंगराला टेकलेली ती वाडी, वाडीच्या डोक्यावर जांभ्या दगडाची चिरेखाण, आणि त्या खाणीत मिसरूड फुटण्याआधीपासून चिरे काढणारा हा माणूस. तांबडी धूळ त्याच्या पापण्यांत, तांबडी धूळ त्याच्या नखांत. आणि संतापला की तीच धूळ डोळ्यांत उतरल्यासारखे त्याचे डोळे व्हायचे.

देव कोणाच्याही मनगटात मार भरून पाठवत नाही. देव मूठ मिटून पाठवतो खरी, पण ती रिकामी असते. तिच्यात काय भरायचे ते घर ठरवते. सदाच्या मुठीत त्याचा बाप रामजी भरला गेला. रामजी दोन्ही पोरांना गोठ्याच्या मेढीला बांधायचा आणि निगडीच्या ओल्या शिपटीने फोडून काढायचा. थोरला बाबाजी ओरडायचा. धाकटा सदा ओरडत नसे, म्हणून त्याला जास्त पडे. शिपटी मोडली की रामजी थांबायचा नाही. बाबाजीलाच दुसरी तोडून आणायला पाठवायचा. भावाच्या पाठीसाठी भावाने काठी निवडायची! लवचीक आणली तर फटका पाठभर कातडी सोलत जातो, जाड आणली तर हाड दुखते. बाबाजी लवचीक आणायचा. का आणायचा, हे त्या दोघांनी पुढे एकमेकांना कधी विचारले नाही.

असा मार ज्याच्या अंगात मुरला, तो मार पुढे त्याच्या हातांतून बाहेर पडायला वाटा शोधू लागला. होळीच्या माळावर पालखी नाचवण्यावरून बाचाबाची झाली आणि वरच्या वाडीतल्या एकाचा जबडा सदाने असा फोडला की तो माणूस पुढची शिमग्याची सोंगे पेज पीत पाहत होता. खाणीवरच्या मुकादमाने आईवरून शिवी दिली, तेव्हा सदाने त्याला कमरेत उचलून खाणीच्या खड्ड्यात टाकला आणि वर उभा राहून विचारले, “आता कुनाची आय काडतोस?” चिखलणीला बसकण मारलेल्या बैलाच्या कपाळात त्याने पहारीचे बूड हाणले, बैल उठला, पण शिंग लोंबकळू लागले आणि रक्ताची धार वाफ्यातल्या पाण्यात पसरली. त्या वर्षी त्या वाफ्यातला भात काशीने खाल्ला नाही.

काशी त्याची बायको. तिच्या डाव्या मनगटाचे हाड एकदा मोडून वाकडे सांधले होते. लोकांनी विचारले की ती सांगायची, विहिरीवर पाय घसरला. वाडीत विहिरीला कठडा होता आणि वाडीला डोळे होते. पण कोणी काही बोलत नसे.

सदाचे एक साधे शास्त्र होते. जे अडते त्याला हाणायचे. चिरा निघेना, हाण. बैल उठेना, हाण. रेडिओ खरखरला, वर एक थाप दे, बोलू लागतो. आणि खरोखर बोलू लागायचा, हेच त्याचे दुर्दैव! एकदा जरी तो रेडिओ कायमचा मुका झाला असता, तरी कदाचित त्याच्या हाताला अक्कल आली असती.

ती अक्कल यायची होती एका लेकराच्या रक्तातून.

प्रणाली ही त्याची एकुलती एक मुलगी. बापाला अरेतुरे करणारी, त्याच्या पाठीवर बसून खाणीपर्यंत जाणारी. बारीक होती, पण बोलण्यात त्याला हरवायची. “बाबा, तू घोरतोस ना, तवा कौलं हलतात,” म्हणायची, आणि ज्या माणसापुढे वाडी बोलत नसे तो माणूस हसायचा. एका दुपारी तो खाणीवरून आला. घसा सुकलेला, मुकादमाशी वाजलेले, पोटात दारू. ओटीवर बसून त्याने पाणी मागितले. पोर आतल्या खोलीत शाळेतल्या मैत्रिणीचे हेडफोन कानाला लावून गाणे ऐकत बसली होती. त्याने हाक मारली. पुन्हा मारली. मग तो आत गेला, हेडफोन ओढून काढले आणि म्हणाला,

“ऐकू येत न्हाय काय तुला?”

आणि उघड्या पंजाने तिच्या डाव्या कानावर मारले.

पोर भिंतीवर आपटली. ओरडली नाही. तिने फक्त कानावर हात ठेवला, हात काढून पाहिला, आणि रक्त बापाला दाखवले. जसे लहानपणी खेळताना खरचटले की दाखवायची तसे. पांडुरंगा, ज्या बापाकडे दुखणे न्यायचे त्या बापानेच ते दिले, हे त्या जिवाला अजून उमगले नव्हते!

काशी चुलीपुढून उठली. तिच्या हातात नारळ सोलायचा कोयता होता. ती दोघांच्या मधे उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने नवऱ्याला एकेरीत हाक मारली.

“सद्या, माजा हात मोडलास, मी विहिरीवर घातलं. हिचा कान मी कशावर घालू? आता पुढं ये. येच तू पुढं!”

तो पुढे आला नाही. डॉक्टरांनी सांगितले, पडदा फाटला आहे आणि आतली नसही गेली आहे. हा कान आता ऐकणार नाही. ‘ऐकू येत न्हाय काय’ हा प्रश्न त्याने विचारला होता. त्याचे उत्तर त्याने स्वतःच्या हाताने घडवले. काशीने पोरीला आपल्या बहिणीकडे, केसरकडे, रेवदंड्याला नेऊन ठेवले. कोयता तिने ओटीवरच्या खुंटीला अडकवला, सदाच्या डोळ्यांसमोर. वर्षे गेली, कोयता तिथेच राहिला.

त्या वर्षीच्या सप्ताहात सदा देवळाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसला. कीर्तन कशावर होते ते त्याला सांगता आले नसते. टाळ वाजत होते आणि त्याला वाटत होते, या एवढ्या माणसांचे हात एकमेकांच्या जवळ येतात, आवाज होतो, आणि तरी कोणी रडत नाही. काल्याच्या दिवशी त्याने तुळशीची माळ घातली. दारू सुटली, मासळी सुटली, खाण सुटली. एका बागायतदाराच्या सुपारीच्या वाडीत तो झाडांना पाणी लावायला जाऊ लागला. घण आता पाटाचे पाणी इकडून तिकडे वळवू लागला.

पण हाताचे एक विलक्षण झाले. पूर्वी तो हात कशालाच भीत नव्हता. आता तो स्वतःलाच भिऊ लागला. सदा दार लोटताना बोटांनी लोटी. पेला धरताना असा धरी की पेला घसरे. लोणच्याच्या बरणीचे झाकण घट्ट बसले तर तो ती बरणी काशीकडे सरकवी.

“घ्या! डोंगर फोडनारा नवरा माजा,” काशी म्हणायची, “लोनच्याचं झाकन उघडत न्हाय.”

“फुटली तर?” तो म्हणायचा.

काशीचा एक शब्द घरात रुजला होता: हळू. तो उठला की ‘हळू’, वाकला की ‘हळू’, बैलाचे दावे सोडायला गेला की ‘हळू’. देवाच्या नावाखालोखाल त्या घरात तो शब्द उच्चारला जाई.

प्रणाली शिकली, घरांचे नकाशे संगणकावर काढायचे काम शिकली. अलिबागच्या एका कचेरीने तिला घरी बसून काम करायला सांगितले. केसरमावशीच्या घरात सून आली आणि जागा उरली नाही, तेव्हा ती वाडीत परतली. पण उंबरा ओलांडण्याआधी दारात उभी राहून, पाठीवरची बॅग न काढता ती म्हणाली,

“एक सांगायचंय. तुम्ही या घरात एकदा जरी हात उचललात, माणसावर, जनावरावर, निर्जीव वस्तूवरसुद्धा, तर मी ही बॅग उचलीन आणि परत येणार नाही. आईला भेटायलाही नाही.”

‘तुम्ही’ म्हणाली. परक्याला म्हणतात तसे. बाप म्हणाला, “व्हय.” एवढेच.

बॅग तिने दाराशेजारीच ठेवली. आत नेली नाही. आणि घरात बसताना ती नेहमी एकाच प्रकारे बसायची: डावे अंग भिंतीला लावून. जो कान गेला होता त्या बाजूने कोणी आले तर कळत नाही, म्हणून ती बाजू तिने भिंतीच्या स्वाधीन केली होती. सदा ते रोज पाहायचा आणि रोज जेवण अर्धे टाकून उठायचा.

नकाशांच्या कामाला संगणकाचे दांडगे यंत्र लागते. तयार घेण्यापेक्षा सुटे भाग मागवून स्वतः जोडायचे असे तिने ठरवले; मोबाइलवर पाहून पाहून ती त्यातले शिकली होती. भाग बोर्लीच्या बाजारात आले, तिथून रिक्षाने वाडीत. ओटीवर चटई अंथरून तिने सगळे मांडले, तेव्हा सदा लांब उभा होता. मग चटईच्या कडेशी येऊन त्याने विचारले,

“मी कायतरी धरू?”

तिने त्याच्या हाताकडे पाहिले. मग एक स्क्रू त्याच्या तळव्यावर ठेवला.

“हळू,” ती म्हणाली.

पुढचा सारा जोडकाम-सोहळा ‘हळू’च्या गजरात झाला. मधली मोठी हिरवी पाटी, तिला मदरबोर्ड म्हणतात असे तिने सांगितल्यावर काशीने तिला लांबूनच हात जोडले. सदाने स्क्रू फिरवले, पंखा बसवला, तारांच्या जुडग्यातली एकेक तार खुणा जुळवून लावली. एका तारेच्या टोकाला नखाएवढा काळा भोंगा होता. खूण दिसली तिथे त्याने तोही लावून टाकला. पोरगी तेव्हा मोबाइलमध्ये पाहत होती. मग तिने एक लांबट पातळ पट्टी त्याच्या हाती दिली.

“ही रॅम. यंत्राची चालू आठवण. या खाचेत बसवा. हळू हं. ही मोडली तर काम संपलं.”

मोडली तर! सदाने श्वास धरला. बाळाच्या तोंडात दुधाचा थेंब सोडावा तशी ती पट्टी त्याने खाचेत ठेवली आणि बोटाने टेकवली. एका अंगाची चाप लागली. दुसऱ्या अंगाला केसभर फट राहिली, पण वरून बसल्यासारखीच दिसत होती.

“बसली?”

“बसली,” तो म्हणाला. आणि त्याला तसेच वाटत होते.

बटण दाबले. पंखा फिरला, दिवे लागले, काशीने टाळी वाजवली. पडदा मात्र काळाच. पंखा थांबला. पुन्हा आपोआप फिरला. पुन्हा थांबला. धाप लागलेल्या माणसाने उठून बसावे आणि पुन्हा कोसळावे, असे ते यंत्र करू लागले. आणि कोसळण्याआधी दर वेळी एक बारीक, तीक्ष्ण आवाज व्हायचा: पीं, पीं, पीं.

“हा इन्व्हर्टर ओरडतोय,” प्रणाली म्हणाली. सकाळपासून वीज दोनदा गेली होती आणि इन्व्हर्टर मागच्या खोलीत होता. “बॅटरी उतरली असणार. यंत्राला पुरेशी वीज मिळत नाही, म्हणून बंद पडतंय.”

सदाने मान वळवली. आवाज मागच्या खोलीतून येत नव्हता. आवाज त्याच्या गुडघ्यापाशी, त्या पेटीच्या पोटातून येत होता.

ज्याचे दोन्ही कान शाबूत आहेत त्याला आवाज कुठून आला हे सांगावे लागत नाही. पण ज्याचा एकच कान उरला, त्याला आवाज येतो आणि दिशा येत नाही. हे डॉक्टरांनी त्या वेळी सांगितले होते. काशीने ते गिळले होते, सदाने ते साठवले होते, आणि घरात त्यावर कोणी कधी अक्षर काढले नव्हते. आता ‘पोरी, आवाज पेटीतला आहे’ एवढे म्हणायचे होते. पण तिने विचारले असते, मग मला का कळले नाही? आणि त्या प्रश्नापुढे उभे राहण्यापेक्षा त्याने पूर्वी दहा जबडे फोडले असते. तो उरलेल्या तारा सरळ करत राहिला.

तिने प्लग बदलला. तार बदलली. पडद्याची जोडणी काढून पुन्हा केली. वीज पुरवणारा डबा उघडून पुन्हा जोडला. “रॅम नीट बसलीय ना?” तिने मधेच विचारले, वरून पाहिले, बसलेली दिसली, पुढे गेली. प्रत्येक वेळी पंखा फिरे, भोंगा ओरडे, पंखा मरे. तिच्या कपाळावर केस चिकटले. कचेरीला तिने उद्यापासून काम सुरू करते असे कळवले होते. “डबाच खराब आलाय,” ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. “सगळं परत पाठवावं लागेल.”

तेवढ्यात अंगणात बाबाजी आला. कुंपणाला खुंट मारायला निघाला होता. हातात पहार, तोंडात तंबाखू, आणि पोटात दुपारचीच दारू. पेटीकडे पाहून तो हसला.

“काय रं सदा, लेकीनं खोका आनला वाटतं? बोलत न्हाय का?”

“काका, वीज कमी पडतेय,” प्रणाली म्हणाली.

“वीज कसली! ह्यात रामच न्हाय. आपला रेडिओ आठवतो काय रं सदा? एक थोबाडीत दिली का भजन म्हनायचा.” तो ओटीवर चढला. “सरक.”

“हात नको लावूस, दादा,” सदा म्हणाला.

“का? माळ बाटंल तुजी?” बाबाजीने प्रणालीकडे पाहिले. पीं, पीं, पीं असा आवाज झाला. “आनि हिला काय कळतंय त्यातलं? हा खोका बोंबलतोय आनि ही मागं बगते. बहिरी ती बहिरीच!”

वर्षानुवर्षे त्या घराने जो शब्द जिभेवर येऊ दिला नव्हता तो ओटीवर येऊन पडला.

बाबाजीचा पंजा पेटीवर उठला. तो खाली येण्याआधी सदाने मनगट पकडले. बाबाजीने झटका दिला, सुटेना. मग दुसऱ्या हातातली पहार त्याने फिरवली. पहारीचे टोक सदाच्या कपाळावर भुवईच्या वर आदळले आणि कातडी केळीच्या सालीसारखी उघडली. रक्त डोळ्यात आले. जग तांबडे झाले, खाणीतल्यासारखे तांबडे. बाबाजीने पुन्हा मारले, खांद्यावर. पुन्हा, बरगडीवर. काहीतरी आतून कडकले.

आणि घण जागा झाला.

सदाने पहार हिसकून अंगणात फेकली. ती दगडावर खणकन वाजली. भावाच्या छातीवर डावा हात टाकून त्याने त्याला असा भिंतीला नेला की कौलांतून माती गळली. बाबाजीचे पाय जमिनीवरून सुटले. तोंडातला तंबाखू ओघळला. डोळे बाहेर आले. आणि सदाचा उजवा हात, माळ घातल्यापासून पाण्याशिवाय काही न हाकलेला हात, मूठ होऊन कानामागे गेला. पुढचे सगळ्यांना माहीत होते. जबडा कसा फुटतो ते वाडीने पाहिले होते.

काशी खुंटीकडे धावली. कोयता तिच्या हातात आला. पण तो कोणावर उचलायचा हे तिला कळेना.

प्रणालीने बॅग उचलली.

बॅगेचा पट्टा खांद्यावर चढल्याचा तेवढा खसकन आवाज आला. आणि सोडून दिलेल्या त्या यंत्राने पुन्हा एकदा श्वास घेतला, पंखा फिरवला आणि हाक मारली. पीं, पीं, पीं.

सदाची मूठ तिथेच राहिली. खाली आली नाही, मागेही गेली नाही. डावा हात मात्र भावाच्या छातीवर तसाच होता, आणि त्या हाताखाली बाबाजीचे काळीज धडधडत होते. सदाला ते जाणवत होते. इतका जोर, आणि तरी हाताखाली कोणी मेले नव्हते, काही फुटले नव्हते. नुसते धरलेले होते.

तो मान न वळवता बोलला. रक्त ओठांवरून ओघळत होते.

“प्रनाली. हात उचलला मी. शबूद मोडला. तू जा. पन जायच्या आदी ती पेटी बग. आवाज इन्व्हर्टरचा न्हाय. पेटीतनं येतोय. एक काळा भोंगा हाय, मीच लावलाय. तुला बाजू कळत न्हाय...” त्याचा आवाज मोडला, पण तो थांबला नाही. “तुजा दोष न्हाय. तुजा कान मी घेतला. ह्या हातानं. म्हनून तुला कळत न्हाय.”

त्याने मूठ उघडली. मग डावा हात सैल केला. बाबाजी भिंतीवरून घसरत खाली बसला, खोकला, खोकत राहिला. उठला तेव्हा त्याने भावाच्या कपाळाकडे पाहिले, आणि बोलला ते अगदी वेगळेच.

“शिपटी लवचीक आनायचो मी,” तो म्हणाला. “म्हातारा जाड आनली का मलाच मारायचा.”

“ठाव हाय,” सदा म्हणाला.

बाबाजी गेला. पहार अंगणातच राहिली.

प्रणाली दाराशी उभी होती. बॅग खांद्यावर. तिने उजवा कान पेटीकडे वळवला, गुडघ्यावर बसली, पेटीला अगदी कान लावला. पीं, पीं, पीं. तिने बटण दाबून यंत्र बंद केले. प्लग काढला.

“तीन,” ती हळूच म्हणाली. “तीन म्हणजे मेमरी. म्हणजे रॅम.”

“राम?” काशीने विचारले. कोयता अजून हातातच होता. “भावजी म्हनत व्हते, ह्यात राम न्हाय.”

पोरीला हसू आले. रडताना येते तसे, अवेळी आणि आवरेनासे. “राम आहे गं आई. बसला नाहीये.”

काही वाक्ये माणूस बोलतो, आणि काही वाक्ये माणसाच्या तोंडून बोलली जातात. ती कोणासाठी असतात ते ऐकणाऱ्याने ओळखायचे. सदा भिंतीला टेकून उभा होता, माळेवर रक्त ठिबकत होते, आणि त्याने ओळखले.

काशीने त्याच्या कपाळाला हळद दाबली, फडके बांधले. प्रणालीने त्याला हात धुवायला लावले, मग कोरडे करायला लावले, मग खाचेत बोट दाखवले. केसभर फट. आता ती फट दरीएवढी दिसत होती.

“दाबा,” ती म्हणाली.

त्याने बोट टेकवले. पट्टी हलली नाही.

“अजून.”

“मोडंल.”

“नाही मोडणार.”

“माज्या हातानं मोडतं, पोरी.” तो लहान मुलासारखा बोलला. “तू दाब.”

तिने त्याचा हात पाहिला. बोटांच्या पेरांवरच्या जुन्या खुणा, दगडाच्या आणि माणसांच्या. मग आपला अंगठा तिने त्याच्या अंगठ्यावर ठेवला.

“हळू नको, बाबा,” ती म्हणाली. “जोरात. तू मारत नाहीयेस. काकाला धरलंस ना, तसं. दाब तू.”

त्या घरात ‘हळू नको’ हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले गेले. आणि अजून एक शब्द बऱ्याच वर्षांनी परतला होता. तो सदाच्या कानाने टिपला, पण त्याने मान वर केली नाही. वर केली असती तर त्याला दाबता आले नसते.

त्याने जोर लावला. खाणीत शिकलेला सगळा जोर, पण उगारलेला नाही. टेकवलेला, मनगटातून सरळ खाली, सावकाश आणि न डगमगता. हिरवी पाटी किंचित वाकली. काशीने डोळे मिटले.

टक्.

दुसऱ्या अंगाची चाप जागेवर बसली. एवढासाच आवाज, सुपारी फुटल्याएवढा.

प्लग लागला. बटण दाबले गेले. पंखा फिरला आणि फिरत राहिला. एकच छोटी पीं झाली. पडदा आधी राखाडी झाला, मग निळसर, मग त्यावर पांढरी अक्षरे उमटली. काशी आत पळाली आणि नारळ घेऊन आली. इतकी वर्षे खुंटीवर टांगलेला तो कोयता तिने उलटा धरला आणि पायरीवर नारळ वाढवला. “कुंकू बाहेरून लाव गं, आत नको,” प्रणाली ओरडली. “तांदळाचा एक दाणासुद्धा आत नको!”

मग ती वळली. भोंग्याचा तो शेवटचा आवाज तिच्या मनात राहिला होता.

“आत्ताची ती पीं कुठून आली, बाबा?”

सदाने फडक्याखालून पाहिले. बोट केले. “हतनं. खालच्या कोपऱ्यातनं, डाव्या अंगाला.”

ती मान हलवून हसली. बॅग अजून दाराशी होती. ती तिने आत नेली नाही, पण खांद्यावरही घेतली नाही. पायाने भिंतीकडे सरकवली. मग आपला पाट भिंतीपासून ओढून तिने यंत्रासमोर घेतला आणि पडद्याकडे तोंड करून बसली. तिच्या डाव्या हाताला आता भिंत नव्हती. मोकळी जागा होती, एका माणसाला पुरेल एवढी.

“इकडे बस,” ती म्हणाली. “इन्व्हर्टर खरंच ओरडला तर मला सांग.”

सदा तिच्या डाव्या बाजूला बसला. दोन्ही हात त्याने मांडीवर ठेवले, तळवे वर करून.